काहीच न घेता परत आले तर?

प्रश्न: नोकरी सांभाळून मी पेंटिंग करते. परदेशातली दोन महिन्यांची रेसिडेन्सी, म्हणजे कलाकारांनी तिथे राहून काम करायची सोय, मिळालीये, स्टुडिओ आणि राहणं त्यांच्याकडे, तिकीट-जेवण माझं. शेवटी प्रदर्शन वगैरे काही नाही. घरचे विचारतात जाऊन करणार काय, आणि मलाही सांगता येत नाहीये. आता सगळ्यांचं काम ऑनलाइन दिसतंच ना, मग एवढ्या लांब कशाला जायचं?

उत्तर: शेवटी प्रदर्शन नाही हे वाचून मला तर बरंच वाटलं. पूर्वी याच्या अगदी उलट होतं, चौदाव्या लुईच्या काळात १६६६ मध्ये रोमला फ्रेंच अकादमी निघाली, तिथल्या तरुण कलाकारांची सगळी सोय व्हायची पण जुन्या पुतळ्यांच्या, चित्रांच्या प्रतिकृती करून राजाकडे पाठवाव्या लागायच्या. अमेरिकेत १९०७ साली मॅकडॉवेल ही रेसिडेन्सी सुरू झाली आणि तिथे वेगळाच विचार आला, झाडीत लांब लांब स्टुडिओ, आणि दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवून जायचं, कारण आतल्या माणसाची तंद्री मोडायला नको. (ही टोपली मला फार आवडते.) तिथल्या स्टुडिओंत लाकडी फळ्या आहेत, राहून जाणारा त्यावर आपलं नाव लिहून जातो. काय केलं त्याचा हिशोब नाही.

ऑनलाइनचं म्हणाल तर मी एकदा सहा आठवडे अशीच गेले होते. पहिले दहा दिवस कागद कोरा, नुसती चालत सुटायचे, रात्री रडू यायचं. शेजारच्या स्टुडिओत एक सिरॅमिकवाली होती, आमची भाषा एकमेकींना धड येत नव्हती, तिने माझं स्केचबुक चाळलं, चांगली चित्रं भराभर उलटली आणि मागे जिथे मी ब्रश पुसायचे त्या पानावर बोट ठेवलं. ते पान मी कधीच पोस्ट केलं नसतं! पुढची दोन वर्षं मी त्या डागांवरच काम केलं.

आता रेसिडेन्सी बऱ्याच वेगळ्या कामांसाठीही आहेत, कुठे आसपासच्या लोकांबरोबर काही करायचं असतं, आणि २००६ पासून आयकॉर्न नावाचं शहरांचं नेटवर्क तर जीव धोक्यात असलेल्या लेखक-कलाकारांना आसरा देतं, त्यांच्यासाठी हा प्रश्न करिअरचा नाहीच. दुसरीकडे मोठी फी घेऊन नुसती खोली भाड्याने देणारेही आहेत, तिथे सांभाळून.

म्हणून हो कळवायच्या आधी त्यांना मेल करा: त्याच वेळी अजून कोण कोण असणार आहे, स्टुडिओ चोवीस तास उघडा असतो का, व्हिसासाठी पत्र देतात का. आधी राहून आलेल्या दोघांशी तरी बोला. शेजारी कोणीच नसेल तर एवढा खर्च करू नका. असतील, तर सुट्टीचा अर्ज टाका आणि जुनी स्केचबुकं बॅगेत भरा, खराब पानांसकट.