परभणी ते टोरंटो: किती किलोमीटर, किती तास?

ऑगस्टअखेर टोरंटोला शिकायला जायचंय, विमानाचं अंतर किती, वेळ किती आणि मुंबईहून निघावं की हैदराबादहून, असं तुम्ही विचारलंय.

मुंबई-टोरंटो सरळ हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. दुबईमार्गे गेलात तर 13,000 च्या आसपास, फ्रँकफर्टमार्गे 12,900. म्हणजे वळसा चार-पाचशे किलोमीटरचा, विमानाला अर्ध्या तासाचं काम. त्यामुळे अंतर बघून मार्ग निवडण्यात अर्थ नाही. मधला थांबा किती ते बघा. दोन तासांच्या आतला थांबा घेऊ नका, पहिलं विमान तासभर रखडलं की पुढचं हुकतं. दहा तासांचा थांबा स्वस्त पडतो, पण अंग आंबून जातं. तीन-चार तास ठीक. जाताना वारा समोरून असतो, म्हणून येण्यापेक्षा जायला जास्त वेळ लागतो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. पहाटे 2 ला मुंबई सोडून त्याच दिवशी दुपारी अडीचला टोरंटो, हे वाचून साडेबारा तासच लागतात असं वाटतं. ऑगस्टमध्ये टोरंटो आपल्या साडेनऊ तास मागे असतं. ते मिळवा, प्रवास 22 तासांचा निघतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हाच फरक साडेदहा तासांचा होतो.

तिकीट सगळ्या टप्प्यांचं एकच काढा, एकाच पीएनआरवर. वेगवेगळं काढलं आणि पुढचं विमान हुकलं तर नवं तिकीट तुमच्या खिशातून. सामानाचंही तेच: परदेशी तिकिटावर बऱ्याचदा 23 किलोच्या दोन बॅगा मिळतात, देशांतर्गत तिकिटावर साधारण 15 किलो. संभाजीनगरहून मुंबईला वेगळ्या तिकिटाने उडालात तर जादा किलोचे पैसे डोळे पांढरे करतात. अमेरिकेत विमान बदलायचं स्वस्त तिकीट दिसलं तरी सोडून द्या. तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो.

आता मुंबई की हैदराबाद? परभणीहून मुंबई पाचशेच्या पुढे, हैदराबाद साडेतीनशेच्या आसपास. शिवाय हैदराबादला देशी-परदेशी विमानं एकाच टर्मिनलवरून सुटतात. तिकिटात पाच-सात हजारांचाच फरक असेल तर मी हैदराबादच सांगेन. मुंबई ठरली तर पावसाळ्यात कसारा-कल्याण पट्ट्यात गाड्या अडकतात हे धरून चाला. रात्रीच्या विमानासाठी त्याच संध्याकाळी पोचणारी गाडी नको; आदल्या रात्रीची देवगिरी घ्या, सकाळी मुंबईत असाल, हाताशी अख्खा दिवस राहील. बॅगा घेऊन सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही, ठाण्याला उतरून टॅक्सीने सहारला टर्मिनल 2 गाठा. तिकिटावर विमानतळाचं नावही नीट वाचा, आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय.

टोरंटोहून पुढे कॅलगरी वगैरे गाठायचं असेल तर मध्ये किमान चार तास ठेवा. कॅनडात जिथे पहिलं पाऊल पडतं तिथेच इमिग्रेशन होतं, आणि स्टडी परमिटचा कागदही तिथेच छापून मिळतो. सप्टेंबरच्या तोंडावर त्या रांगेत विद्यार्थ्यांची झुंबड असते. व्हिसासोबत आलेलं पत्र, कॉलेजचं प्रवेशपत्र आणि पैशांचे पुरावे हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मसाला-चटणी नेत असाल तर कस्टम्सच्या फॉर्ममध्ये खाद्यपदार्थ आहेत असं लिहा.