बाळाच्या अंगावरचे खाजरे चट्टे इसब आहेत की गजकर्ण, आणि इसब असेल तर पुढे दमा होतो का?

आधी जागा बघा. तान्ह्या बाळाचं इसब गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतं, लंगोटाची जागा बहुधा सुटते. दोन वर्षांनंतर ते कोपराच्या नि गुडघ्याच्या खोबणीत सरकतं. खाज नसेल तर इसब नसण्याचीच शक्यता जास्त. सावळ्या त्वचेवर लाली शोधत बसू नका. चट्टा काळपट, करडा दिसतो आणि बोट फिरवलं की खरखरीत लागतो. गजकर्णाची कड उठावदार, मधला भाग निवळलेला असतो. बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरात इतरांनाही रात्री खाज, तर खरूज समजा.

दुकानातून मिश्र स्टेरॉइड मलम (स्टेरॉइडसोबत बुरशीचं, जंतूंचं औषध एकत्र असलेलं) आणून लावू नका, कृपा करून! गजकर्ण त्याने वरवर दबल्यासारखं दिसतं, पण पसरत राहतं.

दम्याचं म्हणाल तर संबंध खरा आहे. इसबात त्वचेची भिंत गळकी असते. धूळ, अन्नाचे कण आत शिरतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध बिथरतं. म्हणून काही मुलांना पुढे अन्नाची अ‍ॅलर्जी, शिंका, दमा होतो. सगळ्यांना नाही. पण नुसत्या संशयावरून दूध-अंडं बंद करू नका, वाढ खुंटू शकते.

रोज कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटं अंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा तरी. आठवड्याला 125 ते 250 ग्रॅम लागतं. लहान ट्यूब महिनाभर पुरत असेल तर कमी लावताय.

ताप आणि दुखरे, खड्ड्यासारखे फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.