‘गॉड सेव्ह द क्वीन’: वाचवतो, वाचव की सांभाळो?

प्रश्न असा आला आहे: सेक्स पिस्टल्स या इंग्लिश बँडच्या १९७७ सालच्या ‘गॉड सेव्ह द क्वीन’ या गाण्याच्या नावाचं भाषांतर एका मराठी लेखात ‘देव राणीला वाचवतो’ असं केलं होतं, आणि पुढे ‘या रेकॉर्डवर बंदी आली’ असं वाक्य होतं. हे बरोबर आहे का? आणि इंग्रजीत जिला ‘विथड्रॉन सिंगल’ म्हणतात (सिंगल म्हणजे एका गाण्यासाठी काढलेली छोटी रेकॉर्ड) तिला मराठीत काय म्हणावं?

आधी नावाकडे बघू. ‘वाचवतो’ चुकलंच आहे. तसं म्हणायचं असतं तर इंग्रजीत ‘गॉड सेव्ह्ज’ आलं असतं. इथे शेवटचा ‘ज्’ नाही आणि सगळा अर्थ त्या गळालेल्या ‘ज्’मध्ये आहे. बोलणारा काही घडतंय असं सांगत नाही, घडावं अशी इच्छा करतो. इच्छेचं हे रूप इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलं. ‘गॉड ब्लेस यू’, ‘लाँग लिव्ह द किंग’ अशा ठरावीक बोलांत तेवढं उरलं. म्हणून ते पटकन ओळखू येत नाही. ‘देवा, राणीला वाचव’ हेही जुळत नाही, कारण देवाला इथे कोणी हाक मारलेली नाही.

मराठीला मात्र याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. आज्ञार्थाचं तृतीयपुरुषी रूप आपल्या तोंडात रोज असतं: तो करो, ती जावो, ते राहोत. पसायदान या ‘ओ’वरच उभं आहे. ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘विश्व स्वधर्मसूर्ये पाहो’, ‘जो जे वांछील तो ते लाहो’. सातशे वर्षांत हा प्रत्यय जराही झिजला नाही. माझी आजी परगावी निघालेल्याच्या हातावर दही ठेवून ‘देव तुझं भलं करो’ म्हणायची. मिरवणुकीत ‘विजय असो’ ऐकू येतं, निधनाच्या बातमीखाली ‘आत्म्यास शांती लाभो’ असतं. गोव्यात कोकणीत आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात, तिथेही कर्ता देव आणि क्रियापद इच्छेचं. ‘गॉड सेव्ह द क्वीन’ची घडण नेमकी हीच आहे.

आता क्रियापद कोणतं घ्यायचं? ‘सेव्ह’चं मूळ लॅटिन ‘साल्वुस’. त्याचा अर्थ धडधाकट, सुखरूप. भाषाशास्त्रज्ञ आपला ‘सर्व’ हा शब्दही त्याच मुळातला मानतात. जे कुठेही तुटलेलं नाही, सगळंच्या सगळं आहे, ते. म्हणजे ‘सेव्ह’मध्ये संकटातून ओढून काढण्याआधी धड ठेवण्याचा अर्थ आहे, आणि तो ‘सांभाळणे’त किंवा ‘राखणे’त चांगला उतरतो. ‘वाचवो’ म्हटलं की समोर धोका उभा राहतो. पण इतिहासाने त्यालाही थोडा आधार दिला आहे. ज्या ब्रिटिश राष्ट्रगीतातून हे बोल आले ते लंडनच्या नाट्यगृहांत गाजलं ते सप्टेंबर १७४५ मध्ये. स्कॉटलंडमध्ये बंडखोरांनी प्रेस्टनपॅन्सची लढाई नुकतीच जिंकली होती आणि राजा दुसऱ्या जॉर्जचं सिंहासन खरंच डळमळत होतं. त्या रात्री प्रेक्षकांत बसलेल्याला ‘वाचवो’ म्हणावंसं वाटलं असेल. त्याहून मागे गेलं तर इंग्रजी बायबलात शौल राजा होतो तेव्हा लोक हाच घोष करतात, आणि तिथल्या मूळ हिब्रू शब्दांत देवाचं नावच नाही. नुसतं ‘राजा जगो’ एवढंच आहे. पुन्हा ‘ओ’च.

माझी निवड: ‘देव राणीला सांभाळो’.

हे रूप जपण्याचा मी एवढा आग्रह धरतो त्याचं कारण गाण्यातच आहे. मराठीत ज्या ‘ओ’ने आशीर्वाद देतात त्याच ‘ओ’ने शापही देतात. ‘भलं होवो’ आणि ‘वाटोळं होवो’ यांत प्रत्यय तोच. ‘जळो ते!’ म्हणताना आपण प्रार्थनेचंच व्याकरण वापरत असतो. पिस्टल्सनी इंग्रजीत हेच केलं. राष्ट्रगीताचे बोल जसेच्या तसे उचलले आणि लगेच पुढे त्यांना फॅसिस्ट राजवट जोडली. आशीर्वादाचा साचा हलवला नाही, आत शाप ओतला. आपल्या अलंकारशास्त्रात याला व्याजस्तुती म्हणतात. स्तुतीचा साचा शाबूत असेल तरच आतली निंदा बोचते. ‘देव राणीला वाचवतो’ म्हटलं की साचाच मोडतो आणि बोचण्यासारखं काही उरत नाही. गाण्याचं आधीचं नाव ‘नो फ्यूचर’ होतं आणि शेवटी तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्याचं भाषांतर ‘भविष्य नाही’ असं पुस्तकी करू नये. ‘पुढं काहीच नाही’ हे जवळचं आहे. ‘या लाइनीत काही फ्यूचर नाही’ असं तर आपण स्वतःच म्हणतो. गायक जॉनी रॉटन, म्हणजे जॉन लायडन, यांनी पुढे सांगितलं की असं गाणं माणूस आपल्या लोकांच्या द्वेषापोटी लिहीत नाही, त्यांच्यावरच्या प्रेमापोटी आणि त्यांना मिळणाऱ्या वागणुकीच्या संतापापोटी लिहितो. मला ते पटतं.

आता ‘विथड्रॉन’. या बँडच्या बाबतीत हा एकच शब्द दोन वेगळ्या घटनांना लावला जातो, आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिली घटना ‘अॅनार्की इन द यूके’ची. ती सिंगल ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने नोव्हेंबर १९७६ मध्ये काढली. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला टीव्हीवरच्या थेट मुलाखतीत बँडने शिव्या दिल्या, गदारोळ झाला, आणि जानेवारीत ईएमआयने करार मोडून रेकॉर्डही थांबवली. ही दुकानात पोचलेली, लोकांनी विकत घेतलेली रेकॉर्ड होती. तिला ‘बाजारातून काढून घेतलेली’ म्हणावं.

दुसरी घटना आपल्या ‘गॉड सेव्ह द क्वीन’ची. १० मार्च १९७७ ला बकिंगहॅम राजवाड्याबाहेर टेबल मांडून, पत्रकारांसमोर, ए अँड एम या कंपनीशी सह्या झाल्या. १६ मार्चला करार रद्द. आठवडाही झाला नाही. तोवर सुमारे २५,००० प्रती तयार झाल्या होत्या. त्या जवळजवळ सगळ्या नष्ट केल्या. बोटांवर मोजण्याइतक्या वाचल्या, त्यांना आज संग्राहक हजारो पौंड मोजतात. ही रेकॉर्ड बाजारात आलीच नव्हती, मग बाजारातून काढणार काय? छापून झालेलं पुस्तक वितरणाआधीच लगद्याला जावं तसं हे. मराठीत ‘प्रकाशनाआधीच रद्द झालेली’ म्हटलं की चित्र स्वच्छ होतं. ‘परत मागवलेली’ इथे चालणार नाही, तो शब्द सदोष गाड्या आणि औषधांसाठी ठेवावा. ‘मागे घेतलेली’ कानाला परकं वाटत नाही, पण आपण आंदोलन मागे घेतो, खटला मागे घेतो, शब्द मागे घेतो. वस्तूला ते तितकं बसत नाही.

लोकांनी प्रत्यक्ष विकत घेतली ती तिसऱ्या कंपनीची, व्हर्जिनची प्रत. ती २७ मे १९७७ ला आली. दोन्ही प्रतींची ओळख पटवायची तर पाठीमागची बाजू बघावी: ए अँड एमच्या प्रतीवर ‘नो फीलिंग्ज’, व्हर्जिनच्या प्रतीवर ‘डिड यू नो राँग’. व्हर्जिनचं वेष्टन जेमी रीड यांनी केलं. राणीच्या चेहऱ्यावर वर्तमानपत्रातून कापल्यासारख्या अक्षरांच्या दोन फाटक्या पट्ट्या आहेत. गाण्याचं नाव डोळ्यांवर, बँडचं नाव तोंडावर.

बंदीचं म्हणाल तर बीबीसीने आणि स्वतंत्र नभोवाणीच्या नियंत्रक संस्थेने गाणं वाजवू दिलं नाही, काही मोठ्या दुकानांनी ठेवलं नाही. विक्रीवर सरकारी बंदी नव्हती. म्हणून ‘प्रसारणबंदी’ म्हणावं, नुसतं ‘बंदी’ नको. राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाच्या त्याच जूनमध्ये, रेडिओवर न वाजता, हे गाणं बीबीसी वापरत असलेल्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. वर गायक रॉड स्टुअर्ट होते. काही ठिकाणी लावलेल्या यादीत दुसऱ्या क्रमांकासमोरची जागा कोरीच ठेवली होती.

तेव्हा लेखातली ती वाक्यं मी अशी लिहीन: ‘“देव राणीला सांभाळो” या राष्ट्रगीताच्या बोलांवरून घेतलेल्या नावाची ही सिंगल मार्च १९७७ मध्ये तयार झाली, प्रकाशनाआधीच रद्द होऊन तिच्या प्रती नष्ट करण्यात आल्या, आणि मे महिन्यात दुसऱ्या कंपनीने ती बाजारात आणली. तिच्यावर प्रसारणबंदी होती. विक्री चालू राहिली.’