पतीची मर्सिडीज वृद्धाश्रमाला देताना

प्रश्न : माझ्या पतींचे सात महिन्यांपूर्वी निधन झाले. त्यांनी २०१६ साली हौसेने घेतलेली डिझेलची मर्सिडीज ई-क्लास तेव्हापासून सोसायटीच्या आवारात झाकून ठेवलेली आहे. मला गाडी चालवता येत नाही. भोर तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमाला ते दर वर्षी देणगी देत असत. त्याच संस्थेला ही गाडी द्यावी असे माझ्या मनात आहे. न्यू जर्सीतला माझा मुलगा सांगतो की, तिकडे गाडी दान केली की करात सूट मिळते. तशी ती इथे मिळेल का? आणि चावी व आरसी पुस्तक संस्थेच्या स्वाधीन केले की माझी जबाबदारी संपते का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरा धोका तिथे आहे. गाडी अद्याप आपल्या पतींच्या नावावर आहे, त्यामुळे आज ती कोणालाही कायदेशीरपणे देण्याचा अधिकार आपल्याकडे नाही. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरायचा आणि वाहन वारसाच्या नावावर करून घ्यायचे, असा नियम आहे. ही मुदत टळली असली तरी विलंबाचा दंड भरून नोंद करून घेता येते. मृत्यूचा दाखला, वारस म्हणून आपला पुरावा आणि मुलाचे ‘हरकत नाही’ असे प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल, तर तो उतरवून घ्या आणि थकलेली ई-चलाने भरा. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने तिला उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवलेली नसेल, तर आरटीओतले काम तिथेच अडेल.

पुढे संस्थेला किंवा कोणालाही गाडी देताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका. आरसीवर नवे नाव चढेपर्यंत पाठपुरावा करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की, गाडी प्रत्यक्षात हातोहात पुढे गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल. चांगल्या भावनेने दिलेल्या गाडीपायी आपल्यावर न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ येऊ नये, असे मला मनापासून वाटते. फास्टॅगही बंद करून घ्या.

आता कराविषयी. ‘८० जी’ म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची प्राप्तिकर सवलत फक्त पैशाच्या स्वरूपातल्या देणगीला मिळते, वस्तू दिली, मग ती कितीही मोलाची असो, तिच्यावर काहीही सवलत नाही. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिली तर तीही सवलतीत बसत नाही, आणि नवी करपद्धती निवडलेल्यांना ही सवलत मुळीच नाही. अमेरिकेत सूट आहे हे खरे, पण २००५ पासून तिथेही संस्थेने गाडी विकली आणि दावा ५०० डॉलरपेक्षा मोठा असला, तर साधारणपणे प्रत्यक्ष विक्रीत आली तेवढ्याच रकमेची वजावट मिळते.

माझा स्पष्ट सल्ला असा की, गाडी आपण स्वतः विकावी आणि आलेली रक्कम धनादेशाने आश्रमाला द्यावी. याचे मुख्य कारण कर नाही, तर आश्रमाची सोय हे आहे. खाली बसणारी, खडबडीत रस्त्यावर पोट घासणारी आणि दुरुस्तीसाठी प्रत्येक वेळी पुण्याला न्यावी लागणारी गाडी तिथल्या आजी-आजोबांना दवाखान्यात नेण्यास सोयीची नाही. तिच्या विम्याचा आणि सुट्या भागांचा खर्च मात्र संस्थेच्या डोक्यावर बसेल. विश्वस्त भिडेपोटी नकारही देणार नाहीत. त्याच रकमेतून व्हीलचेअर चढेल अशी साधी व्हॅन घेता येईल, आणि देणगी या कामासाठीच आहे असे पत्र आपण सोबत देऊ शकता. गाडी पतींच्या वैयक्तिक वापरातली असेल, तर विक्रीवर भांडवली नफ्याचा करही लागत नाही. व्यवसायाच्या हिशेबात तिचा घसारा घेतलेला असेल, तर मात्र आधी सनदी लेखापालांना विचारा.

तरीही प्रत्यक्ष गाडीच दान करण्याची इच्छा असेल, तर जवळच्या आयटीआयच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या ऑटोमोबाइल विभागाला विचारून पाहा. अशा गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हाताने उघडून पाहण्याची संधी विद्यार्थ्यांना सहसा मिळत नाही, आणि तिथे तिचा उपयोग खरोखर होईल.

विकायचेच ठरले तर सात महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी आणि टायर आधी तपासून घ्या, आणि सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्या शोधून ठेवा. दहा वर्षांच्या आसपासच्या या गाड्यांचा भाव त्या पावत्यांवर बराचसा ठरतो.