'चावी' हा शब्द खरंच लॅटिनमधून आला आहे का? मूळ शब्द कसा चालवतात?

हो, पण पोर्तुगीजमार्गे. लॅटिनमध्ये 'क्लाविस' म्हणजे किल्ली किंवा अडसर. शब्दाच्या सुरुवातीच्या क्ल, प्ल, फ्ल या जोडाक्षरांचा जुन्या पोर्तुगीजमध्ये नियमाने 'च' झाला. पुढे त्या 'च'चा 'श' झाला, म्हणून आज लिस्बनमध्ये किल्लीला 'शाव' म्हणतात. हाच नियम लावला की क्लामारे (हाक मारणे) म्हणजे आजचं 'शामार' आणि फ्लाम्मा (ज्वाला) म्हणजे 'शामा' हे लगेच उलगडतं. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा 'च' शाबूत होता. मराठी-कोकणी 'चावी'ने तो जुना उच्चार जपून ठेवला आहे, आणि मला ही या शब्दाची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. बाकीच्या बहिणी: इटालियन 'क्यावे', स्पॅनिश 'यावे', फ्रेंच 'क्ले'.

आता व्याकरण. शब्द स्त्रीलिंगी, तिसऱ्या गणातला (म्हणजे नामं चालवण्याच्या तिसऱ्या पद्धतीचा), इकारान्त प्रकृतीचा (मूळ रूप 'इ'ने संपणारा). एकवचनात प्रथमा आणि षष्ठी दोन्ही क्लाविस, द्वितीया क्लावेम (जुन्या लेखनात क्लाविम), चतुर्थी क्लावी, पंचमी क्लावे किंवा क्लावी. अनेकवचनी प्रथमा क्लावेस, षष्ठी क्लावियुम, चतुर्थी-पंचमी क्लाविबुस.

चूक हमखास होते ती अनेकवचनी षष्ठीत. 'रेक्स'चं (राजा) रेगुम होतं, म्हणून विद्यार्थी इथेही 'क्लावुम' लिहितात. पण एकवचनी प्रथमा आणि षष्ठीत उच्चारातली अक्षरं सारखीच असतील (क्ला-विस, क्ला-विस) तर सहसा 'इयुम' लागतो. शिवाय क्लावुम हे वेगळ्याच शब्दाचं रूप आहे: 'क्लावुस' म्हणजे खिळा, त्याची एकवचनी द्वितीया. म्हणजे 'किल्ल्यांचा' लिहायला जावं आणि 'खिळ्याला' लिहून बसावं! त्याच खिळ्याचं अनेकवचनी 'क्लावीस' (खिळ्यांनी) रोमन लिपीत किल्लीसारखंच दिसतं, फरक फक्त शेवटच्या इच्या लांबीचा. ऱ्हस्व-दीर्घ दाखवणाऱ्या आपल्या लिपीत रूपं मांडून पाहा, गोंधळ बराच कमी होतो.

इंग्रजीतलं 'क्लॅव्हिकल' (गळ्याजवळचं हाड) हे 'क्लाविकुला', म्हणजे छोटी किल्ली. पोप निवडतात ते 'कॉन्क्लेव्ह' म्हणजे मुळात कुलूपबंद होणारी खोली. लवंगेचं 'क्लोव्ह' मात्र या घराण्यातलं नाही. ते खिळ्याकडून आलं आहे. वाळलेली लवंग हातात घेतली की कारण दिसतंच.