सत्तरीतल्या शाकाहारी आई-वडिलांना जपानला ग्रुप टूरने न्यावं की स्वतः आखून? खर्च किती येतो?

स्वतः न्या. खर्चाचं शेवटी सांगते.

एरवी असले प्रश्न मी वाचून पुढे जाते. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ‘घरचे म्हणतात, भाषा येत नाही तिथे म्हाताऱ्या माणसांना घेऊन एकटं जाणं म्हणजे नसतं धाडस.’ हे वाक्य मी याच शब्दांत ऐकलंय, आमच्या दादाकडून, दिवाळीच्या फराळाला बसलेलो असताना. वर ‘काही झालं तर जबाबदार कोण?’ हेही होतं. म्हणून लिहायला घेतलं.

दादाने २०१८ मध्ये आई-बाबांना युरोप दाखवला. ग्रुप टूर, नऊ दिवसांत पाच देश. पैसे त्याने घातले, हौसेने घातले, त्याबद्दल वाद नाही. पण आज बाबांना विचारा की युरोपात काय पाहिलंत, तर म्हणतात, ‘बस चांगली होती.’ सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बॅगा खोलीबाहेर. युंगफ्राऊला, म्हणजे ३,४५४ मीटरवर, आईला गरगरायला लागलं, तर ती बाकावर बसून राहिली आणि बाकीचे बर्फात खेळून आले. आणि रोज रात्री पनीर. परत आल्यावर सहा महिने तिने घरात पनीर आणू दिलं नाही.

मी त्यांना जपानला नेलं ते २०२४ च्या नोव्हेंबरात. बाबा ७६, आई ७१. बाबा माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा नाही. बारा दिवस आणि दोनच शहरं, टोकियो आणि क्योटो. ‘एवढ्या लांब जाऊन दोनच?’ असं विचारणारे भेटतील. त्यांना भेटू द्या.

तिसऱ्या दिवशी टोकियो स्टेशनवरून यामानोते लाइनच्या गाडीने उएनोला उतरलो. प्लॅटफॉर्मवर पन्नासेक पावलं चाललो असू, बाबा थांबले आणि त्यांनी आधी उजवा हात बघितला, मग डावा. पिशवी गाडीतच राहिली होती. वाण्याच्या दुकानाची जाहिरात असलेली कापडी पिशवी, त्यात बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या, हरिपाठ, मेतकुटाची बाटली आणि डबीत घातलेली कवळी. हिरडी दुखायला लागली की ते कवळी काढून ठेवतात.

माझे हातपाय गार पडले. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, ‘ही गाडी गोल फिरते म्हणालीस ना? मग इथेच थांबू. तासाभरात परत येईल.’ यामानोते खरोखरच गोल आहे, ३० स्टेशनं आणि एका फेरीला साधारण तास. त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, तरी मी त्यांच्यावर ओरडले. अजून वाईट वाटतं.

खिडकीवर एक पोरगेलासा कर्मचारी होता. त्याचं इंग्रजी माझ्या जपानीइतकंच, म्हणून सगळं मोबाइलवर भाषांतर करून. त्याने पहिलं विचारलं, कितवा डबा, कितवं दार? मला काय माहीत! तो खिडकीतून उठून आला, आम्हाला परत प्लॅटफॉर्मवर घेऊन गेला आणि जमिनीकडे बोट दाखवलं. गाडीचं दार जिथे येतं तिथे खाली डब्याचा आणि दाराचा नंबर लिहिलेला असतो. तीन दिवस आम्ही त्या आकड्यांवर उभे राहत होतो आणि एकदाही खाली बघितलं नव्हतं. आईला आठवलं की उतरलो तेव्हा समोरच चहाच्या बाटल्यांचं मशीन होतं आणि खालच्या रांगेत सगळ्या पिवळ्या बाटल्या होत्या. मशीन शोधलं, समोरचा नंबर मिळाला. वेळ आईच्याच फोनमध्ये निघाली, कारण ती प्रत्येक स्टेशनच्या पाटीचा फोटो काढते. ११:४२. एवढ्यावर त्याने गाडी नक्की केली आणि फोन लावला. वीसेक मिनिटांनी निरोप आला की पिशवी इकेबुकुरो स्टेशनला उतरवून ठेवली आहे.

मधल्या वेळात आईने घरच्या ग्रुपवर लिहून टाकलं, ‘यांची पिशवी गाडीत राहिली. औषधं त्यातच.’ आपल्याकडे तेव्हा सकाळचे सव्वाआठ. दीड मिनिटात दादा: ‘म्हणूनच म्हणत होतो.’ त्याखाली वहिनीचे जोडलेले हात.

इकेबुकुरोला पासपोर्ट बघितला आणि पिशवीत काय काय होतं ते विचारलं. गोळ्या, पुस्तक इथपर्यंत ठीक. मेतकुटाला मी ‘भातावर घालायची पिवळी पूड’ म्हटलं. कवळीला शब्द शोधायला फोन काढते तोवर बाबांनी सरळ तोंड उघडून दाखवलं. समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मान हलवून त्यांनी कागदावर शब्द लिहिला. ‘इरेबा’ म्हणतात, हे मला नंतर कळलं. मग एका ट्रेमध्ये एकेक वस्तू मांडून, कागदाशी ताडून, पिशवी ताब्यात दिली. बाबांनी देवनागरीत सही केली.

ट्रेसकट बाबांचा फोटो मी ग्रुपवर टाकला. दादाकडून एक अंगठा आला. नुसता अंगठा. पुढे गणपतीत विषय निघाला तर म्हणे, ‘नशीब तुमचं.’ टोकियोच्या पोलिसांकडे वर्षाला ४० लाखांहून जास्त हरवलेल्या वस्तू जमा होतात, त्यासाठी इइदाबाशीला वेगळं केंद्रच आहे. एवढ्या लोकांचं नशीब एकदम चांगलं नसतं.

बरं, तुमच्या कामाचं.

टोकियोत निशिकासाईला किंवा तोझाई या मेट्रो लाइनवर आसपास राहा. ती भारतीयांची वस्ती आहे. २०१९ मध्ये तिथल्या एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून गेलेले योगेंद्र पुराणिक आपले मराठीच. बेसन, तूरडाळ, पोहे सगळं मिळतं. खोली छोटी चालेल, पण शेगडी असलेली घ्या. फक्त सकाळी साडेसात ते नऊ तोझाई लाइनवर पाऊल ठेवू नका. आपल्या लोकलची सवय आहे म्हणून म्हातारी माणसं त्या गर्दीत घालायची नसतात.

‘शाकाहारी’ एवढंच सांगून तिथे भागत नाही. खरा घोळ ‘दाशी’चा आहे. सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या पाण्यात मिसो सूप, नूडल्स, भाज्या, काही ठिकाणी टोफूसुद्धा शिजतो. ताटात मासा दिसत नाही, म्हणून देणाऱ्याला ते शाकाहारीच वाटतं. मांस नको, मासा नको, माशाची दाशी नको, असं जपानीत लिहिलेलं कार्ड छापून न्या आणि ऑर्डर द्यायच्या आधी दाखवा. क्योटोत एकदा तरी शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठातलं जेवण, खायला घाला. त्यात दाशी कोम्बू या समुद्री वनस्पतीची आणि मश्रूमची असते, आणि कांदा-लसूणही नसतो. बाबा म्हणाले, ‘हे आपल्या चातुर्मासासारखंच.’ बारा दिवसांत पोटभर जेवले ते त्याच दिवशी.

आणि गणपती आहे! टोकियोतच, असाकुसाच्या बाजूला, सुमिदा नदीजवळ माचुचियामा शोदेन म्हणून देऊळ आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचला तो. मूर्ती झाकलेली असते, दर्शन नाही. नैवेद्य मुळ्याचा, अख्ख्या पांढऱ्या मुळ्याचा. देऊळ टेकाडावर आहे, पण वर न्यायला छोटी रुळावरची गाडी आहे आणि ती फुकट. बाबांनी मुळा विकत घेऊन वाहिला. निघताना देवाला वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून न्यायला ठेवले होते, त्यातला एक आईने उचलला. संध्याकाळी खोलीवर निशिकासाईच्या बेसनाची पीठ पेरून मुळ्याची भाजी. हे कुठल्या टूरमध्ये बसवाल? क्योटोत यासाका देवळाजवळ कामेया कियोनागा या जुन्या दुकानात या देवाचा ‘मोदक’ही मिळतो. चिमटीने बांधलेली पुरचुंडी, तिळाच्या तेलात तळलेली, आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण. वास मात्र उदबत्तीचा. आईने एक खाल्ला, बाकीचे दादासाठी बांधून आणले.

मोठ्या बॅगा गाडीत ओढू नका. हॉटेलच्या काउंटरवरून पुढच्या हॉटेलला पाठवता येतात, बॅगेमागे साधारण दोन-तीन हजार येन, टोकियोहून दिलेली क्योटोला दुसऱ्या दिवशी पोचते. एका रात्रीचे कपडे आणि औषधं हातात ठेवा. (पिशवी नको, पाठीवरची सॅक.) जपान रेल पासच्या मागे लागू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० झाला, आणि टोकियो-क्योटो बुलेट ट्रेनने जाऊन-येऊन २८ हजारांच्या आसपास होतं. जाताना ‘ई’ सीट मागा. पाऊण तासाने उजव्या खिडकीत फुजी पर्वत दिसतो, ढग नसतील तर. आम्हाला ढगच दिसले.

खर्च: विमान सोडून तिघांचे बारा दिवसांचे तीन लाखांच्या आतबाहेर गेले. त्या वेळी १०० येन म्हणजे साधारण ५५ रुपये होते, आता तुम्ही बघून घ्या. दोन महिने रोज रात्री लॅपटॉप घेऊन बसले होते, त्याची किंमत यात धरलेली नाही. दादा ती धरतो.

आता जे आधी सांगायला हवं होतं. माझे आई-बाबा रोज तासभर चालणारे होते, तरी क्योटोतल्या फुशिमी इनारी देवळाच्या पायऱ्यांनी आईचा गुडघा सुजला. पुढचे दोन दिवस ती हॉटेलात पाय उशीवर ठेवून झोपून होती आणि मी बर्फाच्या पिशव्या आणत होते. क्योटोजवळचं नारा तिने पाहिलंच नाही. क्योटोच्या बसमध्ये उभं राहायला जागा नसते, तेव्हा तिथे टॅक्सीच करा. तुमच्या आईंना गुडघ्याचा त्रास आधीपासून असेल, किंवा वडिलांना विसरायला होत असेल, तर सरळ टूर घ्या. दारात बस येते ही मोठी गोष्ट आहे. गुडघ्याचं दादाला अजून सांगितलेलं नाही, आणि तो इथे फिरकत नाही.

औषधांचं राहिलंच. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या एका महिन्यापुरत्याच नेता येतात, जास्त हव्या असतील तर आधी ‘युन्यू काकुनिन्-शो’ नावाचा दाखला काढावा लागतो. चिठ्ठी जवळ ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि सर्दीच्या काही गोळ्या यांवर तिथे निर्बंध आहेत, घरातली जुनी बाटली सवयीने बॅगेत टाकू नका. मला हे निघायच्या चार दिवस आधी कळलं. टूरवाले हे पहिल्याच मीटिंगला सांगतात, असं दादा म्हणतो. सांगत असतील.