वाचक विचारतात : चोरीचा प्रसंग, पण संगीताविना?

प्रश्न : आमच्या लघुपटात जुन्या घरातल्या चोरीचा प्रसंग आहे. पार्श्वसंगीत घालावं का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : घालू नका. आधी दिग्दर्शक ज्यूल दासँचा 'रिफिफी' (१९५५) हा चित्रपट पाहा. त्यातली दरोड्याची सुमारे अर्धा तासाची दृश्यमालिका संवाद आणि संगीताशिवाय आहे. चोर वरच्या मजल्यावरून जमीन फोडतात, भोकातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे गिलावा खाली न पडता तिच्यातच साठतो. धोक्याच्या घंटेत अग्निशामकाचा फेस भरून तिचा आवाज गिळतात. प्रेक्षकाला आधी कळलेलं असतं की घंटा किंचित धक्क्यानेही वाजते; ताण निर्माण व्हायला तेवढी माहिती पुरते.

तुम्हीही तसंच करा : कशाने पकडले जातील ते सुरुवातीलाच दाखवा. चित्रीकरणावेळी फ्रिज, पंखा बंद. रिकाम्या खोलीची शांतताही मिनिटभर ध्वनिमुद्रित करा. नाहीतर संकलनात प्रत्येक जोडावर आवाज तुटतो. कौलारू घर असेल तर जून-जुलै टाळाच. हातोडी, फळी यांचे आवाज नंतर वेगळे घ्या. चेहऱ्यांपेक्षा हात जास्त दाखवा.